चौदा पट्ट्या आणि एक वही : पन्नाशीत मधुमेहासोबत सवयी बदलताना

सेहेचाळिसाव्या वर्षी मला मधुमेह निघाला, तेव्हा पहिल्या आठ दिवसांत घरातली साखरेची बरणी माळ्यावर गेली, भात बंद झाला, ओट्सचं पाकीट आलं. नणंदेनं मोबाइलवर धाडलेल्या तक्त्यात सकाळी अर्धा अ‍ॅव्होकाडो खायला सांगितलं होतं. सोलापूरच्या लक्ष्मी मार्केटात विचारलं, तर भाजीवाली म्हणाली, "ते कुठल्या रोगावर?" एकविसाव्या दिवशी भाच्याच्या मुंजीत मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या, वर तूप, आणि तक्ता तिथंच संपला.

आज बावन्नाव्या वर्षी मी ज्वारीची भाकरी खाते, शेंगाचटणी खाते, चहाही पिते, आणि तीन महिन्यांची सरासरी ठीक आहे. मधल्या काळात मी कुठलंही नवं अन्न शिकले नाही. आपलंच ताट मोजायला शिकले, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली. ते कसं केलं, ते क्रमानं लिहिते. मी डॉक्टर नाही. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते आणि दिवसातले आठ-नऊ तास खुर्चीत असते. हे सगळं चाळिशी-पन्नाशीतल्या टाइप टू मधुमेहींसाठी आहे. ज्यांना टाइप वन आहे, गरोदरपणातला मधुमेह आहे किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांचं गणित वेगळं. त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं.

आधी गोळ्यांची नावं वाचा

बदल सुरू करण्याआधी आपण कुठल्या गोळ्या घेतो ते पाकिटावर वाचा. आपल्याकडे "शुगरची गोळी" एवढंच माहीत असतं, आणि गडबड तिथंच होते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि तुम्ही एकदम जेवण निम्म्यावर आणलं, चालणं दुप्पट केलं, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिननं सहसा असं होत नाही. नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असलेल्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्या घेणाऱ्यांनी पाणी कमी पडू द्यायचं नाही, आणि कडक उपास किंवा उलट्या-जुलाब असताना त्या चालू ठेवायच्या का, हे आधीच विचारून ठेवायचं.

डॉक्टरांना थेट सांगा : "मी जेवण कमी करणार आहे आणि रोज चालणार आहे, डोस बदलायला लागेल का?" मी विचारलं, तेव्हा रात्रीची एक गोळी अर्धी झाली. न विचारता चालायला लागले असते, तर सात रस्ता चौकात चक्कर येऊन पडले असते.

साखर उतरल्याची खूण म्हणजे हातपाय थरथरणं, गार घाम, छातीत धडधड, कडाडून भूक, बोलताना गोंधळ. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच घ्यायचं, आणि साखर सावरली की काहीतरी खायचं. इथं आपल्या लोकांची एक चूक ठरलेली : पर्समध्ये शेंगदाण्याची चिक्की ठेवतात. दाण्यातल्या तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, आणि त्या वेळी उशीर परवडत नाही. साध्या साखरेची पुडी ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

पहिला आठवडा : काही बदलू नका, फक्त मोजा

ग्लुकोमीटर मधुमेहींच्या बऱ्याच घरांत असतो आणि बहुतेक ठिकाणी तो फक्त सकाळी उपाशीपोटी वापरला जातो. उपाशीपोटीचा आकडा रात्रीची गोष्ट सांगतो, ताटाबद्दल फारसं काही सांगत नाही. ताट कळायला जोडीनं मोजावं लागतं : पहिल्या घासाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. शेवटच्या घासापासून नव्हे, हे लक्षात ठेवा.

मीटरच्या पट्ट्या महाग आहेत, म्हणून मी सात दिवसांत चौदाच वापरल्या. सोमवारी सकाळचा चहा-खारी, मंगळवारी दुपारचा डबा, बुधवारी रात्रीचं जेवण, गुरुवारी बाहेरचा नाष्टा, असं रोज एकच खाणं पकडलं. त्या आठवड्यात मुद्दाम नेहमीसारखंच खाल्लं. मीटरसमोर शहाणपणा करायचा मोह होतो, तो आवरा.

बोट टोचण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. गूळ किंवा आंबा लागलेल्या बोटाचा आकडा शंभरानं खोटा येऊ शकतो. टोचायचं बोटाच्या कडेला, शेंड्यावर नको, तिथं जास्त दुखतं. आणि दहा-पंधरा अंकांच्या फरकावरून घरात भांडण करू नका. चांगल्या मीटरलाही १५ टक्क्यांपर्यंतची चूक मान्य असते.

बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, ७ टक्क्यांच्या आत हे लक्ष्य धरतात. वय जास्त असेल, साखर वारंवार उतरत असेल, तर डॉक्टर ते सैल करतात.

माझ्या वहीत काय निघालं? दुपारचा डबा, ज्याच्यावर माझा संशय होता, तो बरा होता. ऑफिसात सकाळी साडेदहाला दोन चमचे साखरेचा चहा आणि चार बिस्किटं, "हे काय खाणं झालं का" म्हणून मी कधी मोजतच नव्हते, तिथं २३१. गुन्हेगार डब्यात नव्हता, टेबलावरच्या बशीत होता. तुमचा वेगळ्या जागी निघेल. शेजारणीला अजून भातानं चढते, मला भातापेक्षा पोह्यानं जास्त. म्हणून दुसऱ्याचा तक्ता घेऊ नका.

चहा

पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला सुमारे ५० ग्रॅम साखर. चघळायला काही नाही, पोट भरत नाही, आणि दोनशे कॅलरी गेल्या. हा बदल मी पहिला केला, कारण तो माझ्या एकटीच्या हातात होता. घरच्यांना विचारावं लागत नव्हतं.

एकदम बंद केला नाही. दर दहा दिवसांनी कपामागे अर्धा चमचा कमी. चाळीस दिवसांत साखर शून्यावर आली. आता कुणी गोड चहा दिला की औषध प्यायल्यासारखं वाटतं. कारखान्याबाहेरच्या टपरीवर चहा आधीच साखर घालून उकळलेला असतो, तिथं "अर्धा कट" सांगायचा किंवा वेगळा टाकायला लावायचा. टपरीवाला तोंड वाकडं करतो, दोन आठवड्यांत सवय होते, त्याला.

गुळाचा चहा, मधाचा चहा, खडीसाखर : रक्ताला यातला फरक कळत नाही. "मधुमेहींसाठी" लिहिलेल्या बिस्किटांतही पीठ आणि तेल-तूप असतंच. सोबत काही हवंच असेल तर मूठभर फुटाणे घ्या, साल न काढता.

ताट : इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

सोलापूरच्या ताटाला नावं ठेवणाऱ्यांनी ते नीट पाहिलेलं नसतं. ज्वारी, डाळ, मटकी, हुलगे, मेथी, शेपू, अंबाडी, ताक, कच्चा कांदा. आहारतज्ज्ञ जे शोधायला सांगतात, ते बहुतेक इथंच आहे. बिघाड तीन गोष्टींत आहे : भाकरी किती, आमटीत डाळ किती, आणि खाण्याचा क्रम.

भाकरीपासून सुरू करू. "ज्वारी मधुमेहाला चांगली" हे वाक्य ऐकून माणसं चार-चार भाकऱ्या खातात. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं, १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतू असतात. तंतूंमुळे साखर मैद्यापेक्षा सावकाश चढते, पण चढतेच. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे म्हणून ती साखर वाढवत नाही, असं नाही.

आणि आपली कडक भाकरी हा खास धोका आहे, हे मला फार उशिरा उमगलं. ती पातळ, हलकी, कुरकुरीत, बोलता बोलता मोडून तोंडात टाकायची. हलकी आहे म्हणजे पीठ कमी, असं वाटतं. प्रत्यक्षात तिच्यातलं पाणी उडून गेलेलं असतं. मी ५० ग्रॅम कडक भाकरी तोलली, म्हणजे जवळजवळ सगळं पीठच तोललं. तेवढ्याच वजनाच्या मऊ भाकरीत बराच भाग पाणी असतो, पीठ तीस-बत्तीस ग्रॅम. पाकिटातून कडक भाकरी हातानं खाणं आणि ताटात मोजून घेणं, यात माझ्या मीटरवर साठ अंकांचा फरक आला.

यावर उपाय साधा. घरात छोटा तोलकाटा आणा. एका जेवणाला माझं माप ६० ग्रॅम पिठाचं, म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. मऊ असेल तर एक मोठी, कडक असेल तर तेवढ्याच पिठाच्या तुकड्यांचं वजन करून वाटीत काढते आणि पाकीट कपाटात बंद करून मगच जेवायला बसते. तुमचं माप वेगळं असेल. ते जेवणाआधी आणि नंतर मोजून ठरवा, अंदाजानं नाही. दोन-तीन आठवडे तोललं की डोळ्याला माप बसतं, मग तोलकाटा लागत नाही.

आता आमटी. आपल्याकडे आमटी पातळ आणि झणझणीत, वर तेलाची तर्री. वाटी वरवरची वाढली तर तिखट पाणी मिळतं, डाळ तळाशी राहते. तळापासून ढवळून वाढा, किंवा माझ्यासारखी डाळीची वेगळी घट्ट वाटी आधी काढून ठेवा. पन्नाशीत स्नायू आपोआप झिजत असतात आणि साखर साठवायची सगळ्यात मोठी जागा स्नायूच आहे. म्हणून दर जेवणात डाळ, उसळ, अंडी, मासे, चिकन किंवा घट्ट दही यातलं काहीतरी वाटीभर असावंच. हुलग्याचं माडगं किंवा शेंगोळे हिवाळ्यात करतच असाल, तेवढं रात्रीच्या जेवणाला पुरतं, फक्त शेंगोळ्यांतलं पीठ भाकरीच्या हिशेबात धरा.

शेंगाचटणीबद्दल सगळे विचारतात. दाण्यांमुळे साखर फारशी चढत नाही, पण एका चमच्यात साठेक कॅलरी असतात, आणि चांगली कुटलेली चटणी असेल तर एका चमच्यावर कोण थांबतं? मी दोन चमचे ताटात घेते, वर तेल किंवा दही ओतत नाही. वजन कमी करायचं असेल तर एकच. मीठ आणखी एक भानगड : चटणी, खर्डा, पापड, लोणचं एकाच ताटात आलं, तर दिवसाचं ५ ग्रॅम मीठ दुपारीच संपतं. मधुमेहासोबत रक्तदाब बहुतेकांना येतोच. चौघांतलं एक निवडा.

क्रम सगळ्यात सोपा आणि फुकट. आधी कोशिंबीर किंवा शिजवलेली भाजी, मग डाळ-उसळ, आणि भाकरी किंवा भात शेवटी. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की मागून येणारं पीठ हळू उतरतं. मला खरं वाटत नव्हतं, म्हणून तेच ताट दोन दिवस दोन क्रमांनी खाल्लं. फरक दिसला. पहिले चार-पाच घास भाकरीशिवाय खायचे, एवढं जमलं तरी पुष्कळ.

शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत भात मुख्य असतो, तिथं भाकरीची भाषा करून उपयोग नाही. त्यांच्यासाठी : भाताची एकच वाटी, सपाट, शीग न लावता, आणि पप्पूची, म्हणजे त्यांच्या घट्ट वरणाची, वाटी भाताएवढीच. भातावर पप्पू ओतण्याऐवजी पप्पूत भात कालवायचा. हे माझ्या ऑफिसातल्या एका बाईचं वाक्य, आणि मला अजून याहून चांगलं वाक्य सुचलेलं नाही.

फळ खा, रस पिऊ नका. डाळिंब आपल्याच जिल्ह्याचं, अर्धं दाणे काढून खाल्लं तर चालतं. तेच चार डाळिंबांचा ग्लासभर रस करून प्यायलं, तर चहाची साखर परत आली.

वजनाचं लक्ष्य छोटं ठेवा. ७० किलोच्या माणसानं साडेतीन-चार किलो कमी केले, तरी साखर, रक्तदाब दोन्ही हलतात. कंबरेचा दोरा काट्यापेक्षा खरं बोलतो : आपल्या लोकांसाठी बायकांची ८० आणि पुरुषांची ९० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात.

चालणं, आणि खुर्चीतून उठणं

आठवड्याला १५० मिनिटं, आणि लागोपाठ दोन दिवस खाडा नाही. हे सगळीकडे लिहिलेलं असतं. सोलापुरात ते कसं जमवायचं, हा प्रश्न आहे.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला असतो. सकाळी सातच्या आत परत यायचं, नाहीतर संध्याकाळी सातनंतर निघायचं. सिद्धेश्वर तळ्याचा काठ, हुतात्मा बाग, विजापूर रोडला राहणाऱ्यांना संभाजी तलाव. पण मला सगळ्यात उपयोगी पडलं ते तळ्याकाठचं चालणं नव्हे, तर जेवणानंतरची पंधरा मिनिटं. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो, आणि जेवण झालं की साखर चढत असतेच. त्याच वेळी चाललं की ती तिथंच खर्ची पडते. रात्रीचं जेवण झालं की आम्ही दोघं गल्लीच्या टोकापर्यंत सहा फेऱ्या मारतो. "हे" आधी लाजायचे, आता गल्लीतली आणखी तीन जोडपी येतात. दुपारी ऑफिसात जिना चढते-उतरते, दहा मिनिटं.

पाणी येण्याचा दिवस असेल तर चालणं बुडतं, हे सोलापूरकराला सांगायला नको. चार दिवसांनी नळ आला की सकाळ बादल्यांतच जाते. त्या दिवसाचा मी खाडा धरत नाही. भरलेल्या बादल्या वर नेणं हा व्यायामच आहे, फक्त कंबरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका.

बसून काम असेल तर दर अर्ध्या तासानं दोन मिनिटं उठा. मी पाण्याची मोठी बाटली ऑफिसात ठेवत नाही, छोटा गडू ठेवते. संपला की उठावंच लागतं.

आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम : खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीला हात टेकून दंड, पाच लिटरचा भरलेला कॅन दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलणं. श्वास रोखायचा नाही. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेला असेल, तर जड उचलण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं आलं, तर "पित्त झालं असेल" म्हणून घरी जाऊ नका.

खांदा आखडणं हे मधुमेहींत बरंच दिसतं. वेणी घालताना हात मागं जात नसेल, तर महिनाभर तेल चोळत बसू नका, दाखवा.

रात्रीचा घाम

हे बायकांसाठी, आणि कुणी मोकळेपणी बोलत नाही म्हणून इथं लिहिते. पाळी जायच्या वयात अंगातून वाफा येतात, रात्री घामानं जाग येते, छाती धडधडते. साखर उतरली तरी हेच होतं. मी सहा महिने प्रत्येक वेळी साखरेचं पाणी पीत होते, आणि सकाळी साखर २०० वर. मग एका रात्री मोजून पाहिलं : १४२. ती साखर उतरलेली नव्हती, पाळी जायचा काळ होता. आता मीटर उशाशी असतो. आधी मोजायचं, मग प्यायचं. मात्र मोजायची सोय नसेल आणि तुम्ही इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असाल, तर साखर उतरली असंच धरून चाला.

झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक आणि साखर दोन्ही वाढतात. लूमवर रात्रपाळी करणाऱ्यांनी कामाची पाळी बदलली की गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. नवरा मोठ्यानं घोरत असेल, मध्येच श्वास थांबत असेल, तर त्याची थट्टा करू नका, तपासणी करा.

मिश्री आणि तंबाखू : हे बदलायला सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात आधी बदलण्यासारखं. मधुमेहात रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात, निकोटीन त्या आणखी आवळतं.

पाय, ऊन आणि इन्सुलिन

मधुमेहात पायाची जाणीव कमी होत जाते, आणि आपल्या गावात अनवाणी जायच्या जागा पुष्कळ. उन्हाळ्यात दुपारी बाराला सिद्धेश्वराच्या देवळाच्या फरशीवर चाललात आणि चटका लागला नाही, तर पुण्याई समजू नका, पाय तपासून घ्या. देवदर्शन सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला करा, आणि मोजे घाला. देव मोज्यांना काही म्हणत नाही.

रोज रात्री तळवे आरशात बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. भेगांना व्हॅसलीन लावा, पण बोटांच्या मधे नको, तिथं ओल राहून बुरशी येते. कुरूप ब्लेडनं कापायचं नाही. आंघोळीचं पाणी पायानं नाही, कोपरानं बघायचं. पायाला छोटी जखम झाली आणि दोन दिवसांत सुकायला लागली नाही, तर तिसरा दिवस घरी काढू नका.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी : न उघडलेलं फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण बाहेर म्हणजे ३० अंशांच्या आत. आपल्या मेमधल्या खोलीत नाही, आणि स्कूटीच्या डिकीत तर मुळीच नाही. वीज गेली की इन्सुलिन घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती ओल्या वाळूच्या मातीच्या भांड्यात ठेवायला मी सासूबाईंना शिकवलंय. जुन्या लोण्याच्या भांड्याची युक्ती त्यांनाच आधी ठाऊक होती. गोठलेलं इन्सुलिन वितळवून वापरायचं नाही. पट्ट्यांच्या डबीचं झाकणही लगेच लावा.

एकादशी, गड्डा आणि "काय होतंय बे"

आषाढीला जिल्हा पंढरपूरकडे वळतो आणि घरोघरी साबुदाणा भिजतो. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, खिचडीत दाणे आणि तूप असलं तरी. उपास करायचाच असेल तर थोडी भगर, त्याबरोबर दाण्याची आमटी, ताक, काकडी आणि राजगिरा, असं करा. निर्जळी नको. गोळ्या नेहमीसारख्या घेऊन उपास धरणं, ही साखर उतरायची हमखास वाट आहे. डोसाचं आदल्या आठवड्यात विचारा. मी आता एकादशीला भाजी-डाळ खाते आणि पीठ सोडते. सासूबाई म्हणाल्या, "विठोबाला कळतंय की."

जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. होम मैदानावर भजी, जिलेबी, सगळंच, आणि त्याआधी भोगी नि संक्रांत. भोगीची बाजरीची भाकरी आणि मिसळभाजी तर आपल्या बाजूची आहे, घाबरायचं कारण नाही. तिळगुळाची एक वडी खायची, आणि दहा घरांचे दहा नमुने डब्यात घालून वाटून टाकायचे. गड्ड्यात मी एकच पदार्थ ठरवून जाते. ठरवून न गेलेल्या वर्षी पाच झाले होते. हुरड्याच्या पार्टीत हुरडाही ज्वारीच आहे, त्या दिवशी भाकरी नाही.

आणि आग्रह. "एक लाडू खा, काय होतंय बे!" म्हणणारे दीर प्रत्येक घरात असतात. त्यांच्याशी वाद घालू नका. मी म्हणते, "द्या, घरी नेते." डबा कायम पिशवीत असतो. घरी आल्यावर अर्धा मी जेवणानंतर खाते, अर्धा घरातला कुणीतरी.

तपासण्या, आणि घडी विस्कटली की

एचबीएवनसी बदल चालू असताना दर तीन महिन्यांनी, स्थिरावलं की सहा महिन्यांनी. अंगात लोह फार कमी असेल तर हा आकडा खोटा जास्त येऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिन सोबत बघा. वर्षातून एकदा बाहुल्या मोठ्या करून डोळे (त्या दिवशी गाडी चालवत येऊ नका), मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, पायांची जाणीव, दात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२. रक्तदाब प्रत्येक भेटीत, बहुतेकांसाठी १३०/८० च्या आत. घरातल्या तिशीवरच्या मुलांचीही तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यांत ती मोफत होते. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनं देशात १०.१ कोटी मधुमेही धरलेत, आणि त्यांच्यापेक्षाही जास्त, १३.६ कोटी, उंबरठ्यावर.

लग्नसराईत, आजारपणात, घरात कुणी गेलं तर घडी विस्कटते. माझी दर वर्षी दोनदा विस्कटते. तेव्हा नवा संकल्प करत नाही. पहिल्या आठवड्याकडे परत जाते : चौदा पट्ट्या, सात खाणी, काहीही न बदलता. पहिल्या वर्षी बिस्किटं सापडली होती. मागल्या मार्चमध्ये हिशेबाच्या गडबडीत ती परत आलेली सापडली, ह्या वेळी बशीत नाही, ड्रॉवरमध्ये, "मल्टिग्रेन" लिहिलेल्या पुड्यात. २१८. ड्रॉवरमध्ये आता फुटाणे आहेत.